कोळंबी आणि माकुलाचे कोरियन मांडू घरी करताना

कोरियन घरात मांडू, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून केलेले मोदकासारखे घास, करायला घेतले की आधी पिळापिळी सुरू होते. टोफू फडक्यात घालून पिळायचा, मोड पिळायचे, किमची (आंबवलेला तिखट कोबी) घालायची असेल तर तीही पिळायची. मांसाच्या सारणाला एवढं पुरतं. कोळंबी आणि माकूल घालायचं तर याहून जास्त काळजी घ्यावी लागते, कारण मासळी शिजताना पाणी सोडतेच. ते पाणी सारणातच मुरलं तर मांडू रसाळ होतो. पारीत शिरलं तर पारी चिकट होऊन तळाशी फाटते, आणि सगळंच बाहेर पडलं तर आत कोरडी, चामट कोळंबी उरते. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका पाण्याच्या बंदोबस्तासाठी आहेत, म्हणून त्यांतली एखादी गाळावीशी वाटली तर आधी ती कशासाठी आहे ते वाचा.

मांडू वाफवले की जिन-मांडू, तव्यावर परतले की गुन-मांडू, पाण्यात उकडले की मुल-मांडू आणि रश्शात सोडले की मांडूगुक. कोळंबीचे ते सेऊ-मांडू, मिश्र मासळीचे हेमुल-मांडू. कोरियाच्या उत्तर भागात नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, मांडूचा रस्सा करायची रीत. दक्षिणेत त्या दिवशी तांदळाच्या चकत्यांचा तॉकगुक होतो. 1950 ते 53 च्या युद्धात उत्तरेकडची असंख्य कुटुंबं दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर मुठीएवढे मोठे मांडूही सोलच्या खानावळींत आले. आज बऱ्याच घरांत चकत्या आणि मांडू एकाच वाडग्यात पडतात. आपण इथे करणार आहोत ते मध्यम आकाराचे, दोन घासांत संपणारे, आणि एकाच सारणातून वाफवायला, परतायला आणि रश्शात सोडायला चालणारे.

बाजारात काय घ्यायचं

पस्तीसएक मांडूंसाठी:

कोळंबी, सोललेली – 250 ग्रॅम
माकूल, साफ केलेलं – 80 ग्रॅम
घट्ट टोफू – 120 ग्रॅम
रताळ्याच्या स्टार्चच्या शेवया (दांगम्यॉन) – कोरड्या 25 ग्रॅम
मुगाचे लांब मोड – 80 ग्रॅम
बुचू, किंवा लसणीची पात आणि कांद्याची पात मिळून – 40 ग्रॅम
लसूण 3 पाकळ्या, किसलेलं आलं 1 छोटा चमचा
सोया सॉस 2 छोटे चमचे, मीठ आणि साखर प्रत्येकी अर्धा छोटा चमचा, मिरपूड पाव छोटा चमचा
भाजक्या तिळाचं तेल 1 मोठा चमचा
बटाट्याचं स्टार्च 1 मोठा चमचा

कोळंबी डोक्यासकट, सालासकट अर्धा किलो घेतली तर सोलून अडीचशे ग्रॅमच्या आसपास निघते. किलोला चाळीस-पन्नास नग बसतील अशी मध्यम कोळंबी या कामाला सगळ्यात चांगली. फार मोठी घेऊन चिरून टाकण्यात पैसे वाया जातात, आणि करंदी इतकी बारीक असते की सारणात तिचा तुकडा दाताखाली येत नाही. डोकं अंगाला घट्ट धरून आहे ना, साल सैल झालेलं नाही ना, हे बघा. नाकाशी धरल्यावर समुद्राचा वास यावा, अमोनियाचा नको. डोकी आणि सालं टाकू नका, रश्शाला लागतील.

पावसाळी बंदी लागू झाली की गोठवलेल्या कोळंबीवर भागवावं लागतं. तिच्यावर बर्फाचा थर असतो आणि पुष्कळदा आतही पाणी मुरवलेलं असतं. ती रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून सुटू द्या, म्हणजे पाणी खाली निथळतं. गरम पाण्यात टाकून घाईने सोडवलेली कोळंबी बाहेरून मऊ पडते आणि सारणात पीठ होते.

माकूल लहान घ्या, हाताच्या पंजाहून मोठं नको. कोळणीकडून साफ करून घेतलं तरी घरी आल्यावर आतली पारदर्शक काडी राहिलेली नाही ना हे बोट घालून तपासा. वरची जांभळट साल नखाने ओढली की सोलून येते.

बाकीच्या जिनसांपैकी तीन आपल्या नेहमीच्या दुकानात सहज मिळत नाहीत. दांगम्यॉन ही रताळ्याच्या स्टार्चची राखाडी, काचेसारखी शेवई. तिचं सारणातलं काम पाणी शोषून घेण्याचं. ती न मिळाल्यास मुगाच्या स्टार्चची पारदर्शक शेवई चालते, गव्हाची किंवा तांदळाची नाही. बुचू म्हणजे चपट्या पानांची, लसणीच्या वासाची पात. थंडीत बाजारात कोवळी लसणीची पात येते, ती आणि कांद्याची हिरवी पात अर्धी अर्धी घेतली की चव जवळपास जमते. तिसरे मोड. कोरियन सुकजू अंधारात वाढवलेले, बोटभर लांब, पांढरे असतात. त्यांत डाळीपेक्षा देठच जास्त. उसळीसाठी आपण जे मोड आणतो त्यांत मूगच मोठा असतो आणि चव डाळीची येते, ते इथे घालू नका. लांब मोड मिळाले नाहीत तर 100 ग्रॅम कोबी बारीक चिरून, अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा आणि पिळून घ्या.

तिळाच्या तेलाबद्दल मी हट्टी आहे. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, कोरियन तेल खमंग भाजलेल्या तिळाचं. दोन्हींचा वास पूर्ण वेगळा. भाजक्या तिळाचं तेल नसेल तर साधं तेल घ्या आणि मोठा चमचाभर पांढरे तीळ खरपूस भाजून, कुटून सारणात घाला. पुण्यात हे सगळं जिन्नस शोधणं तुलनेने सोपं आहे, कारण रांजणगावच्या एलजीच्या कारखान्यामुळे आणि इतर कोरियन कंपन्यांमुळे तिथे कोरियन कुटुंबं राहतात आणि त्यांच्यासाठी किराणाही आहे. अशा दुकानात तयार गोल पाऱ्यांची गोठवलेली पाकिटंही मिळतात. पहिल्या वेळी त्या वापरायला काहीच हरकत नाही, सगळं लक्ष सारणावर देता येतं.

पीठ आधी भिजवा

300 ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा मीठ. मधोमध खळगा करून 90 मिली उकळतं पाणी ओता आणि चमच्याने ढवळा. पीठ गाठी-गाठींचं दिसेल. आता 65 मिली साधं पाणी थोडं थोडं घालत हाताने गोळा करा. सगळं पीठ गार पाण्याने भिजवलं तर पारी उकडायला मजबूत होते, पण लाटताना सारखी आखडते. सगळं उकळत्या पाण्याने भिजवलं तर मऊसूत लाटली जाते, पण रश्शात तग धरत नाही. अर्ध्या-अर्ध्या पाण्याची पारी तिन्ही प्रकारांना चालते. फक्त रस्साच करायचा असेल तर सगळं पाणी गार घ्या.

सुरुवातीला गोळा खडबडीत राहतो. पाच मिनिटं मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, परत तीन मिनिटं मळा. त्या मधल्या विश्रांतीने जे होतं ते नुसत्या ताकदीने होत नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. बोट दाबलं तर खळगा सावकाश भरून यावा आणि बोटाला काही चिकटू नये. ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास ठेवा. तेवढ्यात सारण होतं.

सारण

कोळंबीच्या पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. एका भांड्यात कोळंबी, छोटा चमचाभर मीठ आणि मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर घेऊन हाताने मिनिटभर हलके चोळा. पाणी राखाडी होतं, बुळबुळीतपणा त्यात निघून जातो. गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन चाळणीत काढा आणि मग स्वच्छ कोरड्या फडक्यात गुंडाळून नीट टिपा. हात लावल्यावर कोळंबी बोटाला किंचित चिकटली पाहिजे. ओली, निसरडी लागली तर आणखी टिपा. टिपलेली कोळंबी वाडग्यासकट फ्रिजमध्ये ठेवा.

माकूल उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका. ते आकसतं आणि जे पाणी नंतर मांडूत सुटलं असतं ते इथेच सोडतं. टिपून अगदी बारीक चिरा, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे तुकडे. मोठे तुकडे ठेवले तर कोळंबी शिजून तयार असते आणि माकूल चावत बसावं लागतं.

शेवया उकळत्या पाण्यात सहा मिनिटं शिजवा, मधोमध किंचित कस राहू द्या. त्या पुढे कोळंबीचा रस पिऊन पूर्ण शिजणार आहेत. आत्ताच गच्च भिजवल्या तर त्यांना प्यायला जागा उरत नाही. गार पाण्याखाली धुऊन, निथळून अर्धा-पाऊण सेंटीमीटरचे तुकडे करा. मोड त्याच पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, गार करा, मुठीत धरून पिळा, चिरा, आणि चिरल्यावर पुन्हा एकदा पिळा. दुसऱ्या पिळण्यात निघतं ते पाणी बघून आश्चर्य वाटेल. टोफू सुती फडक्यात घेऊन पिळता पिळता कुस्करा. 120 ग्रॅमचा साधारण 80 ग्रॅम राहिला की झालं.

आता कोळंबीकडे. अर्धी कोळंबी एक सेंटीमीटरचे तुकडे करून बाजूला ठेवा. उरलेली अर्धी सुरीच्या पात्याखाली दाबून चपटी करा आणि मग बारीक चेचा. मिक्सरला लावू नका. मिक्सरमध्ये ती गरम होते आणि एकसारखी पेस्ट होते, तर आपल्याला थोडी भरड हवी आहे. चेचलेली कोळंबी गार वाडग्यात घाला, अर्धा चमचा मीठ टाका आणि एकाच दिशेने जोरात फेटा. पहिलं मिनिट काही होत नाही, नुसता लगदा फिरतो. दुसऱ्या मिनिटाला रंग करड्यातून दुधाळ व्हायला लागतो. मग हाताला ओढ जाणवते, लगदा वाडग्याच्या कडा सोडून चमच्याभोवती गोळा होतो, आणि चमचा उचलला की तार धरून लोंबतो. मिठामुळे कोळंबीतली प्रथिनं सुटी होऊन एकमेकांत गुंततात, ती ही अवस्था. हीच जाळी शिजताना पाणी धरून ठेवते. म्हणून या सारणात मी अंडं घालत नाही. बांधायचं काम कोळंबीच करते. हे जमायला लगदा गार असावा लागतो, उन्हाळ्यात वाडगा बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटा.

यात सोया सॉस, साखर, मिरपूड, लसूण, आलं, स्टार्च घालून कालवा. मग कोळंबीचे तुकडे, माकूल, टोफू आणि शेवया. दुसऱ्या भांड्यात चिरलेली पात आणि मोड घेऊन त्यांना तिळाचं तेल चोळा आणि मगच सारणात मिसळा. पातीला तेलाचा थर बसला की मिठामुळे तिचं पाणी लगेच सुटत नाही. तेल शेवटी वरून ओतलं तर हा फायदा मिळत नाही.

कोरियन घरांत अशा सारणात मिठाऐवजी थोडं सेऊजॉत घालायचीही पद्धत आहे, म्हणजे खारवून मुरवलेली अगदी इवलीशी कोळंबी. ती आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. आपण ती उन्हात वाळवतो, ते मिठात मुरवतात. सेऊजॉत मिळालं तर मोठा अर्धा चमचा चिरून घाला आणि सोया सॉस अर्ध्यावर आणा. फेटताना घालायचं मीठ मात्र तेवढंच राहू द्या. त्याऐवजी सुका जवळा घालू नका, वास पूर्ण वेगळ्या वाटेने जातो.

कच्चं सारण चाखायचं नाही. चमचाभर तव्यावर थापून परता आणि ते खाऊन मीठ ठरवा. वरून चटणी येणार आहे, तेव्हा किंचित कमीच असू द्या. सारण झाकून वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

लाटणं आणि भरणं

पिठाच्या दोन वळकट्या करून बारा-तेरा ग्रॅमच्या लाट्या तोडा. एक हातात, बाकी फडक्याखाली. लाटण्याने कडेपासून मध्यापर्यंतच लाटायचं, मधोमध लाटणं फिरवायचं नाही, आणि प्रत्येक वेळी पारी थोडी वळवायची. नऊ सेंटीमीटरची पारी झाली पाहिजे, मध्ये जाडसर आणि कडेला पातळ. कडा एकमेकींवर येऊन जाडी दुप्पट होते, ती पातळ नसेल तर मांडू शिजला तरी कड कच्ची लागते. उकडीच्या मोदकांची पारी करणाऱ्या हातांना हे सांगायला नको. सगळ्या पाऱ्या एकदम लाटून ठेवू नका. आठ-दहा लाटा, भरा, मग पुढच्या.

पारी डाव्या तळहातावर, मध्ये मोठा चमचाभर सारण, अर्ध्या कडेला बोटाने पाणी. दुमडून आधी मधोमध दाबा, मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे दाबत जा आणि जाताना सारणाला लागून असलेली हवा बाहेर ढकला. आत राहिलेली हवा वाफेवर फुगते आणि मांडू शिवणीत उसवतो. या टप्प्यावर अर्धचंद्र तयार असतो. तव्यावर परतायला हाच आकार ठेवा, सपाट बाजू छान लागते. रश्शासाठी आणि वाफवण्यासाठी अर्धचंद्राची दोन टोकं जवळ ओढा, एकाला पाणी लावून दुसरं त्यावर दाबा. गोल टोपीसारखा घरगुती कोरियन मांडू तयार. त्याला नाजूक चुण्या घालायची गरज नाही.

भरलेला मांडू स्टार्च भुरभुरलेल्या ताटात, एकमेकांना न लागता ठेवा. कच्चे मांडू ताटात अर्ध्या तासाहून जास्त राहू देऊ नका. तळ ओला होऊन चिकटतो आणि उचलताना सारण ताटातच राहतं. घरात दोघं असाल तर एकाने भरावं, दुसऱ्याने शिजवायला लागावं.

तीन प्रकारे शिजवणं

वाफवायला मोदकपात्र उत्तम. चाळणीवर कोबीची पानं पसरा, झाकणाला फडकं गुंडाळा म्हणजे वाफेचं पाणी वर टपकत नाही. पाणी खळखळ उकळायला लागल्यावरच मांडू आत ठेवा, दोन बोटांचं अंतर सोडून. मोठ्या आचेवर आठ ते नऊ मिनिटं. पारी चमकदार दिसते आणि आतून कोळंबीचा गुलाबी रंग झिरपतो. आच बंद करून मिनिटभराने झाकण काढा, वरून तिळाच्या तेलाचं बोट फिरवा. दहा मिनिटांपुढे गेलात तर कोळंबीचा करकरीतपणा जातो.

परतायला जाड तव्यात दीड मोठा चमचा तेल, मध्यम आच, मांडू सपाट बाजूवर. दोन मिनिटांत तळ सोनेरी होतो. 60 मिली पाणी घालून लगेच झाकण, पाच मिनिटं. झाकण काढून पाणी आटेपर्यंत थांबा, मग कोरियन पद्धतीने दुसरी बाजूही मिनिटभर लाल करा.

रस्सा मात्र निवांत करण्यासारखा आहे. जपून ठेवलेली डोकी आणि सालं चमचाभर तेलात लाल आणि खमंग होईपर्यंत परता, डोकी पळीने दाबा म्हणजे आतला केशरी अर्क तेलात उतरतो. दीड लिटर पाणी, मुळ्याच्या चार जाड चकत्या, अर्धा कांदा घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. याहून जास्त वेळ उकळू नका, कडवट होतो. कोरियात याला सुक्या अँकोवी (छोटे मासे) आणि केल्प (जाड पानांचं समुद्री शेवाळ) यांचा रस्सा असतो. केल्प मिळाला तर एक तुकडा टाका आणि दहा मिनिटांनी काढून घ्या. रस्सा उकळत असताना मांडू सोडा, तळाला चिकटू नयेत म्हणून एकदाच हळूच ढवळा. वर तरंगायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं द्या. मीठ, थोडा सोया सॉस, अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या, कांद्याची पात आणि चुरडलेलं समुद्री शेवाळ, म्हणजे गिम.

सोबतच्या चटणीला 2 मोठे चमचे सोया सॉस, 1 मोठा चमचा तांदळाचं व्हिनेगर, 1 छोटा चमचा पाणी, चिमूट साखर, अर्धा छोटा चमचा गोचुगारू (कोरियन मिरचीची जाडसर पूड) आणि भाजलेले तीळ. गोचुगारू नसेल तर बिया काढलेली ब्याडगी जाडसर कुटा. लवंगी वापरली तर कोळंबीची गोडी कळणारच नाही.

मैदा नको असेल तर

कोरियाच्या जुन्या जोसन राजघराण्याच्या दरबारी मेजवान्यांत ऑमांडू होत असत. त्यांत पिठाची पारीच नाही. पांढऱ्या माशाचा पातळ काप हीच पारी. माशाचा काटे काढलेला मोठा तुकडा अर्धवट गोठवला की तिरक्या सुरीने तीन मिलिमीटरचे रुंद काप निघतात. त्याला मीठ-मिरी लावून दहा मिनिटांनी टिपायचं, आतल्या बाजूला स्टार्च, त्यावर थोडं सारण, दुमडून बाहेरूनही स्टार्च, आणि सहा-सात मिनिटं वाफ. दरबारी सारण बहुधा गोमांस आणि अळंब्यांचं असे, पण वरचं कोळंबीचं सारण टोफू आणि शेवया वगळून घातलं तर फार सुंदर लागतं. घट्ट मांसाचा मासा घ्या. बोंबलासारखा पाणीदार मासा दुमडताच तुटतो.

साठवण

ताज्या, कधीही न गोठवलेल्या मासळीचे मांडू असतील तर ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये दोन तास घट्ट करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. कोळंबी किंवा माकूल मुळात गोठवलेलं आणलं असेल तर कच्चे मांडू पुन्हा गोठवू नका. आधी पूर्ण वाफवा, गार करा, मग फ्रीझरमध्ये. कोरियात घरोघरी वाफवूनच गोठवतात आणि पारी न फाटण्याच्या दृष्टीनेही ते बरं. शिजवताना बाहेर काढून सुटू द्यायचे नाहीत, गोठलेलेच उकळत्या वाफेवर ठेवायचे. कच्च्यांना बारा मिनिटं, वाफवलेल्यांना सात-आठ. पाहुण्यांना देणार असाल तर कोळंबीची ॲलर्जी कोणाला आहे का हे आधीच विचारा, कारण बंद पारीत काय आहे ते दिसत नाही, आणि रश्शाच्या टोपातून भाजीचे मांडू वेगळे काढले तरी त्यांना कोळंबीचा अर्क लागलेला असतो. त्यांच्यासाठी पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा.